आधी केबल आणि अर्थिंग, मग कॅमेरे

म्हापसा, गोवा
मे महिना

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या जुन्या घराला सीसीटीव्ही बसवणाऱ्याने तुला दिलेलं कोटेशन, घराचा हाताने काढलेला नकाशा आणि जुन्या दोन कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या दोन क्लिप मिळाल्या. आठ कॅमेरे, सगळे २.८ एमएम लेन्सचे, खाली 'फुल कव्हरेज' असं ठळक अक्षरात. तूर्त होकार देऊ नकोस. त्या कागदावर कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल चार वेळा लिहिलेत, पण केबल कुठली, जोड कशात बसवणार आणि अर्थिंगचं काय, यावर एक ओळ नाही. गोव्यातल्या पावसात सिस्टिम बंद पडते ती बहुतेक याच तीन गोष्टींनी.

आधी जुने दोन कॅमेरे. तुळशीसमोरचा कॅमेरा दिवसा ठीक चालतो, अंधार पडला की दर मिनिटा-दोन मिनिटांनी जातो आणि परत येतो. तो बिघडलेला नाही, उपाशी आहे. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की तो दिवसाच्या दुपटीहून जास्त करंट ओढतो. डीव्हीआरपासून (जुन्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा डबा) तिथवर ४० मीटर थ्री-प्लस-वन केबल (तीन साध्या तारा आणि चित्राची एक, एकत्र) आहे आणि तिच्यातल्या पॉवरच्या तारा फार बारीक असतात. ०.२ चौरस मिमीची तांब्याची तार धरली, तरी जाऊन-येऊन सुमारे ७ ओहम होतात. ०.४ अँपियरला पावणेतीन व्होल्ट वाटेतच जातात आणि १२ चे सव्वानऊ उरतात. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर त्याहूनही कमी. खात्री करायला रात्रीची वाट बघायला नको. दिवसा कॅमेऱ्याच्या तोंडावर हात धर, तो नाइट मोडला गेला की डीसी जॅकपाशी मल्टिमीटर लाव. पावणेअकराच्या खाली आकडा दिसला तर दोष केबलचा. ०.७५ चौरस मिमीची दोन तारांची वेगळी लाइन ओढली तर तूट पाऊण व्होल्टवर येते. तेवढ्यासाठी नवा कॅमेरा कशाला?

मागच्या पडवीतल्या कॅमेऱ्यावर आडव्या पट्ट्या वर सरकतात, तो प्रकार वेगळा. कॅमेऱ्याचं धातूचं अंग लोखंडी गजाला टेकलंय आणि गज ओल्या भिंतीत. भिंतीचं अर्थ आणि डीव्हीआरचं अर्थ यांत फरक पडला की तो फरक चित्रात उतरतो. स्क्रू सोडून कॅमेरा नुसता हातात धर (हातात कोरडा रबरी हातमोजा घाल). पट्ट्या गेल्या तर मध्ये पीव्हीसीचा बॉक्स घालून बसव, काम झालं. हे दोन्ही कॅमेरे अजून चालतील. एक गोठ्याकडे, एक मागच्या दाराकडे.

आता नवीन. आठ नकोत, चार पुरेत, आणि पाचवा कुळागरातल्या (माड-पोफळींच्या बागेतल्या) पंपाच्या मांगराला, म्हणजे खोपीला. पण लेन्स सगळ्या एकसारख्या नकोत. एमएमचा आकडा लहान, तितका देखावा रुंद आणि चेहरा लहान. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा यासाठी चित्रात एका मीटरला २५० पिक्सेल पडावे लागतात, असं मानक आहे. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० पिक्सेल रुंद, म्हणजे साधारण १० मीटर रुंदीचा देखावाच चेहऱ्याच्या लायकीचा. २.८ एमएमच्या लेन्सला ही रुंदी चार-सव्वाचार मीटरवरच भरते. तुझं गेट सोप्यापासून (पुढच्या ओसरीपासून) ९ मीटरवर. तिथे २.८ लावलास तर 'कोणीतरी आलं होतं' एवढंच कळेल. गेटला ६ एमएम घे, ती अकराएक मीटरपर्यंत चेहरा देते. अंगणाला आणि राजांगणाला (घराच्या आतल्या चौकाला) २.८ बरी, कारण तिथे काय हलतंय तेच बघायचं असतं. उंची आठ-नऊ फूट. कौलांच्या टोकाशी चढवलेला कॅमेरा रुबाबदार दिसतो आणि टोप्यांचे फोटो काढतो.

आकार बुलेट (नळीसारखा) किंवा टरेट (गोल, पण वर घुमट नसलेला). पारदर्शक घुमट असलेला डोम बाहेर लावू देऊ नकोस. घुमटावर पावसाचे थेंब आणि धूळ बसली की आतलेच इन्फ्रारेड किरण त्यावरून परत येतात आणि रात्री पांढरं धुकं दिसतं. पडवीचा वासा किंवा भिंत कॅमेऱ्याच्या नजरेत फूटभर आत आली तरी तेच होतं. आणि कोळी! दिव्याला चिलटं येतात, चिलटांसाठी कोळी येतो आणि लेन्सपुढे जाळं विणतो. मग रात्रभर 'हालचाल' म्हणून फोन वाजत राहतो. मऊ ब्रश काठीला बांधून पंधरवड्याला एकदा फिरवायला सांग. साधं मोशन डिटेक्शन बंदच ठेव. माडाच्या झावळ्या आणि पाऊस ते दिवसाला शेकड्याने पकडतं. माणूस ओळखणारं डिटेक्शन आणि गेटवर रेषा ओलांडण्याची सूचना, एवढं पुरे.

पोफळींवर बोर्डो मिश्रणाची फवारणी होते त्या दिवसांत मांगराच्या कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची. नाहीतर काचेवर निळसर थर बसतो आणि रात्रीचं चित्र दुधाळ होतं. बसलाच तर आधी भरपूर पाणी ओतायचं, मग मऊ फडकं. कोरडं घासलं की चरे पडतात.

नव्या कॅमेऱ्यांना केबल कॅट-६ (नेटवर्कची), शुद्ध तांब्याची. तारेला ब्लेडने खरवड, आत पांढरं निघालं तर तो बॉक्स परत कर. पीओई स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येतात तो डबा) घेतलास की एकाच केबलने डेटा आणि वीज दोन्ही जातात, ८०२.३एएफ प्रकारचा स्विच एका पोर्टला १५.४ वॉट देतो, कॅमेऱ्याला पाच-सात लागतात. अंतराची मर्यादा १०० मीटर.

क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवणं, तू स्वतः उभं राहून बघ. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फुटलेली दिसते, तसंच हवं. काहीजण जोड्या सलग लावतात. दोन्ही टोकं सारखी म्हणून टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण लांब केबलवर चित्र अडकत राहतं आणि दोष कॅमेऱ्यावर जातो.

कॅमेऱ्याच्या खोक्यात एक काळी वॉटरप्रूफ टोपी येते: नट, रबरी रिंग आणि नळी. ती केबलमध्ये क्रिम्पिंगच्या आधी ओवावी लागते. म्हणूनच घाईत ती खोक्यासकट कचऱ्यात जाते आणि वर काळी टेप गुंडाळली जाते. टेपच्या आत पाणी शिरतं पण सुकत नाही. त्यात पीओईची जवळपास ४८ व्होल्ट डीसी, मग पिना हिरव्या पडायला एक पावसाळा पुरतो. जोड जंक्शन बॉक्समध्येच हवा, बॉक्सचं भोक खालच्या बाजूला, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. सिलिकॉन लावतील तर वास घेऊन बघ. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तांबं खातं, न्यूट्रल प्रकारचं माग. चिरा (जांभा दगड) मऊ असतो, नुसत्या छोट्या गिट्टीत (स्क्रूसाठी भोकात बसवतात तो प्लग) स्क्रू दोन महिन्यांत डुलायला लागतो. लांब गिट्टी, ५० मिमीचा स्टेनलेसचा स्क्रू. माळ्यावरून जाणारी केबल सगळी पीव्हीसी पाइपातून, उंदरांना तिची चव आवडते.

मांगर १५० मीटरवर आहे. तिथवर तांब्याची केबल ओढायची नाहीच. एक तर अंतर जास्त, दुसरं म्हणजे मेच्या आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळच्या विजा. बागेत वीज पडली की लांब तारेत दाब चढतो आणि स्विचपासून टीव्हीपर्यंत सगळं जातं. फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाक, ज्यात पोलादी तार नाही अशी, एचडीपीई पाइपातून, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाशाचा सिग्नल साध्या केबलला जोडणारा डबा). कॅमेऱ्याची वीज पंपाच्या लाइनवरून घ्यावी लागेल, तिथे वेगळा सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेला दाब जमिनीत उतरवणारा) हवा.

सर्ज प्रोटेक्टर अर्थशिवाय निव्वळ शोभेचा. तुमच्या जुन्या घराची अर्थिंग कधी तपासली होती हे काकूंना विचार. वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलव, ५ ओहमच्या आत आकडा हवा. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते म्हणून आत्ता, मृग लागायच्या आत मोजलेला आकडाच खरा. पावसात कुठलीही अर्थिंग चांगली दिसते. जास्त आला तर दुसरा खड्डा आणि अर्थिंग कंपाउंड.

वीज गेल्यावरचं: घराचे चार नवे कॅमेरे (मांगराचा पंपाच्या लाइनवर), एनव्हीआर (नव्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि ब्रॉडबँडचा डबा मिळून ५५ वॉट धर. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस तासभरही ओढणार नाही. तुमच्या १५० अँपियर-अवरच्या इन्व्हर्टरवर टाक, रात्र निघते. इन्व्हर्टरचा मागचा स्विच यूपीएस मोडवर असू दे, नाहीतर प्रत्येक वेळी एनव्हीआर रीस्टार्ट होईल आणि हार्ड डिस्कचं आयुष्य घटेल.

डिस्क २ टीबी, सर्व्हेलन्ससाठीची. एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) मध्ये २ एमबीपीएस धरला तर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो; पाच कॅमेऱ्यांचं १८ दिवसांचं रेकॉर्डिंग राहील. चतुर्थीला घर भरलेलं असतं तेव्हाचं काही हवं असेल तर ते त्याच आठवड्यात काढून ठेवायचं. पोलिसांना द्यायची वेळ आली तर स्क्रीनचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ चालवू नकोस. मूळ फाइल एनव्हीआरमधून काढ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लागते. घड्याळ चुकलेलं असेल तर वाद तिथूनच सुरू होतो, म्हणून एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) चालू आणि टाइम झोन +५:३०.

पासवर्ड बसवणाऱ्याच्या हातून घालून घेऊ नकोस. अनेकजण सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेवतात. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने कारखान्याचे पासवर्ड न बदललेले कॅमेरेच हजारोंनी ताब्यात घेतले होते. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायला कोणी सांगितलं तर नको म्हण, यूपीएनपी (अशी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद कर. मुंबईहून बघायला क्यूआर कोडचं अ‍ॅप पुरतं. रिकव्हरीचा ईमेल तुझाच.

पुढे एखादा कॅमेरा दिसेनासा झाला तर काहीही उघडण्याआधी स्विचवर त्याचा दिवा बघायला सांग. दिवा नाही तर त्याची केबल शेजारच्या चालू पोर्टला लावायची. तरी नाही तर कॅमेरा उतरवून एनव्हीआरशेजारी दोन फुटी कॉर्डने जोडायचा. तिथे चालला तर दोष वाटेतल्या जोडात. दिवा आहे पण चित्र नाही, तर दोन उपकरणांचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) एकच झालाय का ते बघ. राउटरने तोच पत्ता एखाद्या मोबाइलला दिलेला असतो.

शेजाऱ्यांची विहीर गेटच्या कॅमेऱ्यात येते. तेवढा भाग प्रायव्हसी मास्कने झाक आणि त्यांना तसं आधीच सांग, पुढचे रुसवे टळतील.

सुधारलेलं कोटेशन आलं की पाठव. त्यात केबलचे मीटर, जंक्शन बॉक्सची संख्या आणि अर्थिंगचा आकडा वेगवेगळा लिहून घे. शेवटचे २० टक्के पैसे पहिल्या मोठ्या पावसानंतर देईन असंही आत्ताच बोलून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास