उन्हात उभी मोटार आणि आतले कुत्रे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणाऱ्या, खंबाटकी ओलांडून महाबळेश्वर गाठणाऱ्या किंवा द्रुतगती मार्गाने मुंबईला निघणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकजण अलीकडे घरातल्या कुत्र्यालाही बरोबर नेतात. त्याला अनोळखी जागी ठेवून जाण्यापेक्षा हे मला योग्यच वाटते. मात्र वाटेत जेवायला थांबल्यावर त्याला बंद मोटारीत ठेवून जाण्याची जी पद्धत पडत चालली आहे, ती त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या आतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे 10 अंशांनी चढते, आणि तासाभरात होणारी बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात झालेली असते. म्हणजे बाहेर 37 अंश असताना, आपला चहा येईपर्यंत आत 47 अंश झालेले असतात. काच दोन बोटे खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही, हे मोजमापांतून दिसून आलेले आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा वाफेवाटे बाहेर टाकून कमी करतो. कोंडलेली हवाच तापली आणि त्याच्या श्वासाने दमट झाली की हा एकमेव उपायही चालेनासा होतो. त्याच्या शरीराचे तापमान एरवी 38 ते 39 अंशांच्या आसपास असते. ते 41 अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा होऊ लागते. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना मुळातच श्वास घ्यायला त्रास होत असल्याने त्यांच्या बाबतीत ही वेळ फार लवकर येते, आणि पुण्यातल्या घराघरांत नेमक्या याच जाती हौसेने पाळल्या जातात. इंजिन आणि एसी चालू ठेवून जाणेही भरवशाचे नाही, कारण इंजिन मध्येच बंद पडले तर ते सांगायला आत कोणी नसते.

असे करणारे सगळेच निष्काळजी असतात, असे मात्र मला वाटत नाही. उपाहारगृहाच्या दारावर कुत्र्यांना मज्जाव असतो, बाहेर सावली नसते, मुले भुकेलेली असतात. मग ‘पाचच मिनिटे’ म्हणून त्याला आत ठेवले जाते. घरातल्यांनी पाळीपाळीने जेवून एकाने कुत्र्याजवळ थांबणे, हा यावरचा साधा उपाय आहे. पण महामार्गावरील उपाहारगृहांनी आणि फूड मॉलवाल्यांनीही आपल्या आवारात एक छप्पर, त्याखाली दोन-चार बाके, साखळी अडकवायला कड्या आणि पाण्याचा नळ एवढी सोय करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. वाहनतळाला दिलेल्या जागेपुढे ही जागा काहीच नाही.

चालत्या मोटारीबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. मांडीवर बसवलेले किंवा खिडकीतून डोके बाहेर काढून उभे असलेले कुत्रे पाहून लोक कौतुकाने हसतात, पण ताशी 50 किलोमीटर वेगातली मोटार धडकून एकदम थांबली, तर आतल्या मोकळ्या प्राण्याला बसणारा धक्का तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो, आणि पुढे बसलेल्या माणसावर तो आदळला तर दोघेही जखमी होतात. कुत्र्याची जागा मागच्या सीटवर असावी. छातीला बांधायचा हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवावा किंवा घट्ट बसवलेल्या क्रेटमध्ये त्याला ठेवावे. गळपट्ट्याला मात्र काही बांधू नये, कारण झटक्याने मान दुखावते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत मोटारीतल्या कुत्र्याला बांधून ठेवण्याची सूचना स्पष्ट शब्दांत आहे. तशीच आपल्याकडेही असावी. घाटात उलट्या होत असतील तर निघण्याआधी तीन-चार तास खायला न देणे बहुधा पुरते. तेवढ्याने भागले नाही तर पशुवैद्यांकडून औषध घ्यावे, माणसांच्या गोळ्या मुळीच देऊ नयेत.

कुत्रे सैरभैर झाले, लाळ गाळू लागले किंवा लटपटू लागले तर त्याला लगेच सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतत वारा घालावा आणि मगच पशुवैद्यांकडे धाव घ्यावी.

प्राण्याला यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठी दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे आज वाहनतळाच्या पावतीएवढासुद्धा नाही. तो संसदेने वाढवायला हवा. तोपर्यंत परिवहन विभागाने आपल्या रस्ता सुरक्षा मोहिमेत पाळीव प्राण्यांसाठी चार ओळी घालाव्यात आणि टोलनाक्यांवर उन्हाळ्यापुरते तसे फलक लावावेत. हे दोन्ही त्यांना याच सुट्टीत करता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे