नंबर कितवा आला ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

अनगोळात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, तुमचा पेपर रोज सकाळी तिथंच वाचतो. मागच्या आठवड्यात पुरवणीत एका रेसर पोरीचा बाईकवर बसलेला मोठा फोटो आला, वर 'वेगाची राणी', खाली तिचं वय, हसणं, केस सगळं आलं, खरं ती कुठल्या क्लासला, म्हणजे गाड्यांच्या कुठल्या गटात, पळवते, कितवी आली, लॅपला किती वेळ लागला त्यातलं एक अक्षर नाही. माझी मुलगी बीएस्सीला आहे, रविवारी गॅरेजला येते, कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ करून परत बसवते. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, "पप्पा, नंबर कितवा आला हिचा?" मला काय सांगता येईना.

स्पेनची बाईक रेसर आना कारास्को घ्या. २०१८ ला तिनं सुपरस्पोर्ट ३०० ची, म्हणजे लहान इंजिनाच्या बाईकच्या गटाची, वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, आणि ही बायकांची वेगळी रेस नव्हे हं, पोरं आणि ती एकाच ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत. शेवटची रेस फ्रान्समध्ये मान्यी-कूरला, तिथं ती १३ वी आली, १३ व्या नंबराला ३ पॉइंट, आणि वर्षभराच्या पॉइंटांच्या बेरजेत टायटल मिळालं एका पॉइंटनं! शेवटी शेवटी मागचे दोघं पुढं गेले असते तर वर्षाची मेहनत गेली असती. आमच्याकडं शर्यतीत ज्याची बैलजोडी वीतभरानं हुकलीय त्याला विचारा एक पॉइंट म्हणजे काय ते. २०२० ला पोर्तुगालमध्ये टेस्टिंग करताना पडली, मणक्याची दोन हाडं मोडली, आणि पुढच्या जूनमध्ये इटलीत मिसानोला रेस जिंकून मोकळी. २०२४ ला बायकांची वेगळी वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, सगळ्यांना सेम यामाहा आर-सेव्हन, म्हणजे इंजिनाचं निमित्त सांगायची सोय नाही, ती पहिलीच सीझन पण तिनंच जिंकली.

एवढं लांब कशाला, आपल्याच राज्यातली बेंगळुरूची ऐश्वर्या पिसे. २०१८ ला स्पेनच्या बाजामध्ये, म्हणजे उघड्या रानातल्या लांब पल्ल्याच्या रेसमध्ये, पडून पोटाला जबर मार लागलेला, आणि २०१९ ला एफआयएमच्या (मोटरसायकल रेसिंगची जागतिक संघटना) बाजा वर्ल्ड कपमध्ये बायकांचं टायटल घेऊन आली. वाळू, दगड, धूळ, त्यात शेकडो किलोमीटर गाडी हाणायची. मोटरस्पोर्टमध्ये वर्ल्ड टायटल घेणारी पहिली भारतीय ती. गॅरेजला येणाऱ्या किती जणांना विचारलं, एकाला पण नाव माहीत नाही.

रेसिंग म्हटलं की लोकांना रात्री हायवेवर सायलेन्सर काढून पळवणारी पोरं आठवतात. त्यांच्या वाकलेल्या फोर्क मीच सरळ करतो, त्यामुळं सांगतो, ते रेसिंग नव्हेच. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, लेदर सूट असतो, ट्रॅकवर लक्ष ठेवणारे मार्शल असतात, अँब्युलन्स उभी असते. आपल्या भागातून ट्रॅकवर जायचं तर थेट चेन्नई नाहीतर कोइंबतूर, म्हणून तर पेपरात नीट वाचायला मिळालं पाहिजे.

जास्त काय मागत नाही. क्रिकेटचा स्कोअर देता तसं खेळाच्या पानावर चार ओळी द्या, क्लास कुठला, नंबर कितवा, टाइम किती. मुलीनं गॅरेजच्या भिंतीला जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा कागद लावलाय, त्यावर रेसची तारीख आणि नंबर लिहिते, सध्या मोबाईलवर शोधून लिहिते.

आपला,
एक गॅरेजवाला, अनगोळ, बेळगाव