आठवण करावी, पण चारचौघांत नको

संपादक महोदय,

तोंडी सांगितलेली कामे करणारा स्मार्ट स्पीकर घरातले बोलणे चोरून ऐकतो का, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यातली भीती खोटी नाही. ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांसाठी काम करणारी माणसे काही ध्वनिमुद्रणे प्रत्यक्ष ऐकत होती, हे 2019 साली उघड झालेच होते. पण लेखकाचा सगळा रोख दूरच्या कानांवर आहे. मला त्रास झाला तो घरातल्या कानांचा.

मला संधिवात आहे. सकाळी उठल्यावर बराच वेळ बोटे वळत नाहीत, फोन हातात धरवत नाही. अशा वेळी पडल्या पडल्या स्पीकरला दिवा लावायला सांगता येतो, बहिणीला फोन लावता येतो, कोमट पाण्यात हात बुडवून बसले की टायमर लावता येतो. ज्यांची बोटे धड आहेत त्यांना हा आळस वाटेल. वाटू द्या. खरा उपयोग गोळीचा. आमच्या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची गोळी अंगवळणी पडते, आठवड्याची पडत नाही. आणि चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. ‘दर बुधवारी रात्री नऊला आठवण कर’ एवढे एकदा सांगितले की वार लक्षात ठेवण्याची कटकट संपते. गोळी घेतली की नाही हे मात्र त्याला कळत नाही, ते डबीत पाहूनच ठरवावे लागते.

पण ही आठवण होते ती खणखणीत आवाजात, बैठकीच्या खोलीत. समोर कोण बसले आहे याचे त्याला सोयरसुतक नसते. एका बुधवारी भावाच्या ओळखीची मंडळी आलेली असताना त्याने हजेरी घ्यावी तसे गोळीचे नाव दोनदा पुकारले. त्यांच्यातल्या एका बाईंना हे औषध कर्करोगातही देतात हे ठाऊक होते. मग मला कर्करोग नाही, हे त्यांना पटवण्यातच पुढचा सगळा वेळ गेला. (पटले असेल, अशी आशा.)

माइक बंद करायचे बटण यंत्रावरच आहे, पण त्याने फक्त कान बंद होतात, तोंड सुरूच राहते. आणि कान उघडे असले, की ‘उद्या काय काय आहे?’ असे भाच्याने विचारले तरी माझी डॉक्टरांची वेळ त्याला बिनदिक्कत सांगितली जाते. आवाज ओळखून उत्तर देण्याची सोय आहे म्हणे. माझ्याकडच्या यंत्रात ती फोनवरच्या ॲपमध्ये, कुठल्या तरी सेटिंगच्या पोटात, बारीक अक्षरांत दडलेली आहे. बोटे चालत नाहीत म्हणून जी बाई बोलून कामे करते, तिने ती सोय बोटांनीच सुरू करायची!

तूर्त मी त्या आठवणीला ‘कुंड्यांना पाणी’ असे नाव दिले आहे. आईने दोनदा खरोखरच पाणी घातले.

आपल्या पुरवणीत या यंत्रांची परीक्षणे येतात, आवाज किती भरदार आहे यावर परिच्छेद खर्ची पडतात. आठवणीचा मजकूर यंत्र सर्वांदेखत वाचते, की नुसती घंटा वाजवून आपण विचारेपर्यंत थांबते, आणि तसे करायला त्याला तोंडी सांगता येते का, हेही परीक्षकांनी तपासून लिहावे.

– एक वाचक