मांडवीवरचे दिवे जरा उशिरा लावा

महोदय,
सुट्टीत रत्नागिरीच्या मांडवीवर ही गर्दी! सूर्य पाण्याला टेकला की मोबाइल वर, बुडाला की सगळे भेळेच्या गाडीकडे. खरी गंमत त्यानंतर असते. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यात केशरीचं जांभळं, जांभळ्याचं काळंनिळं होतं आणि मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे दिसू लागतात. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडीही याच वेळी पाहावी. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ साली याच गावात वारला; राजवाडा जवळच आहे. टिळकांचं जन्मस्थान, १९३१ चं पतितपावन मंदिर दिवसा पाहून होतं. (आंब्याबद्दल मी बोलत नाही, ते सगळेच बोलतात.)

विनंती एवढीच, की किनाऱ्यावरचे प्रखर दिवे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने लावावेत. तोवर पायाखालचं दिसेल इतका मंद उजेड पुरे. घड्याळाची एकच वेळ मात्र ठरवू नये. जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास.

– एक वाचक, रत्नागिरी