दात पडला रविवारी, डेंटिस्ट सोमवारी

मा. संपादक,
स.न.

मागच्या महिन्यात रविवारी संध्याकाळी आमच्या भांडुपच्या चाळीत पोरं क्रिकेट खेळत होती, माझा नऊ वर्षांचा मुलगा कॅच घ्यायला धावला आणि ओट्याच्या कडेवर तोंडावर आपटला, वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर. शेजारच्या काकूंनी दात शोधून दिला, मी शहाण्याने तो नळाखाली घासून घासून धुतला, टिश्यूत गुंडाळला नि रिक्षा पकडली. दोन क्लिनिक बंद, मग सरकारी हॉस्पिटल. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, डोक्याला मार नाही ना तेही बघितलं, त्यांच्यावर राग नाही. पण दाताचं विचारलं तर 'डेंटलवाले उद्या ओपीडीत'. दात जपून ठेवा म्हणाले, कशात ते नाही सांगितलं.

सोमवारी डेंटिस्टने सांगितल्यावर कपाळाला हात लावला. कायमचा दात असेल तर मुळाला हात न लावता तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरायचा, घाण असेल तर पाण्याची हलकी धार, आणि लगेच परत खोबणीत बसवायचा, नाहीच जमलं तर थंड दुधात ठेवून पळायचं. कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी अर्ध्या-एक तासात मरतात. (दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.) आणि घरी फ्रीजमध्ये दुधाची पिशवी होती हो! आता तात्पुरता काढता-घालता दात, इम्प्लांट जबड्याची वाढ थांबल्यावर, म्हणजे अठराच्या पुढे.

सरकारी डेंटल कॉलेज सीएसएमटीजवळ, महापालिकेचं नायर डेंटल मुंबई सेंट्रलला. मानखुर्द-मालवणीच्या पोराला तिथे अर्ध्या तासात न्यायचं कसं? उपनगरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रात्री आणि सुट्टीला एक डेंटल डॉक्टर ऑन-कॉल ठेवा, तोवर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना तरी दात बसवायला शिकवा. त्या दिवशी एक चिमुरडी गाल टम्म सुजून आली होती, किडलेल्या दाढेमुळे, तीही पेनकिलर घेऊन परत. अशी सूज गळ्याकडे उतरली तर श्वास अडकू शकतो, ते सोमवारपर्यंत थांबतं का?

आणि केसपेपरवर दोनच वेळा लिहा, दात कधी पडला नि कधी बसवला. दर महिन्याला बघा किती पोरांचे वाचले. हे मोजलंच नाही तर सुधारणा झाली की नाही कळणार कशावरून?

शाळेत पीटीच्या सरांना म्हटलं, फर्स्ट एडच्या पेटीसोबत दुधाचा एक टेट्रापॅक ठेवा. ते हसले. महिन्यापूर्वी मीही हसलो असतो.

- एक पालक, भांडुप