पांढरीची काळी

मनौस, ब्राझील
१४ जून

ती. बाबा व आई यांस सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तिथली काळी माती कोळशानं झाली म्हणतेस, मग आपणही टाकू ना ओढ्याकाठच्या पट्टीत." थोडं थांबा. आधी हे वाचा.

आपली काळी खडक झिजून आपोआप झाली. इथली माणसांनी केली. ॲमेझॉनची मूळ जमीन पिवळट आणि आंबट. वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तो कस धुऊन नेतो. पण नदीच्या दरडीवर जिथे जुन्या वस्त्या होत्या, तिथे राख, कोळसा, माशांचे काटे, हाडं, फुटकी मडकी शेकडो वर्षं पडत गेली. कुठे ५०० वर्षांपूर्वी, कुठे २,००० वर्षांपूर्वी. लोक तिला 'तेरा प्रेता दे इंदिओ' म्हणतात, म्हणजे आदिवासींची काळी माती. आजोबा पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, माती गाड्या भरभरून शेतात टाकायचे ना, तिच्याच गोत्रातली ही. फक्त कोळसा इतका, की पांढरीचीच काळी झाली!

काळी म्हणजे कसदार, असं मीही धरून चालले होते. गेल्या आठवड्यात रिओ नेग्रोवरचा पूल ओलांडून इरांदुबाला गेले. एका शेतातली माती ओली करून तळहातावर वळली, तर बांगडीसारखी वाकली, तुटली नाही. दुसऱ्या शेतातली तितकीच काळी, पण वळी होईचना. दाणे बोटांना खरखरत होते, मधेच खापराचा तुकडा लागला. त्या शेतात पपईच्या खालच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. पालाश (पोटॅश) कमी.

स्फुरद (फॉस्फरस) आणि चुना दोन्हीकडे चांगला, कारण हाडं आणि काटे. फरक पोताचा, म्हणजे कण बारीक की जाड याचा. इथली चिकणमाती आपल्यासारखी फुगत नाही, स्वतः फारसं काही धरत नाही, पण सेंद्रिय पदार्थ आणि कोळशाची भुकटी कवटाळून बसते. रेताड मातीत तो आधार नाही. पोषणद्रव्यं धरायचं जवळजवळ सगळं काम एकट्या जुन्या कोळशावर आणि कुजलेल्या पाल्यावर. पालाश तर पावसाबरोबर खाली निघून जातो. अशा जमिनीला खत एकदम न देता थोडं थोडं द्यावं लागतं. 'कोळसा टाका, जमीन सुधारेल' असं सरसकट सांगतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

ओढ्याकाठच्या आपल्या काळीत धरून ठेवायचं काम चिकणमातीच करते, आणि सामू (pH) आधीच ८ च्या आसपास. त्यात राखमिश्रित कोळसा पडला तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होईल. वरच्या मुरमाड तुकड्याचं वेगळं. तिथे शेणखतात मुरवलेला कोळसा दोन वाफ्यांत करून बघायला माझी हरकत नाही. दोन्हीकडची मूठ-मूठ माती ओली करून वळून बघा आणि रविवारी फोनवर सांगा.

आई, साबुदाणा ज्या कंदाचा, तो मूळचा या खंडातलाच. इथे त्याचं पीठ भाजून रोज जेवणात घेतात. खिचडी मात्र कुणाला ठाऊक नाही. चतुर्थीला मी करून घातली, शेजारणीने दोनदा मागून घेतली.

तुमची,
सुमा