मत फिरले की मतदार बाहेर पडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की आपल्या दैनिकासह सर्वच वर्तमानपत्रांत कोणाची मतपेढी फुटली आणि कोण कोणाकडे वळले याची चर्चा सुरू होते आणि देशभर गाजणाऱ्या एखाद्या वादाला सारे श्रेय किंवा सारा दोष देऊन ती आटोपते. राममंदिर, कलम ३७०, राज्यघटना, वक्फ कायदा आणि आता जातनिहाय जनगणना असे वाद बदलत राहतात. ‘या मुद्द्याने मतदार फिरवला’ हे निदान मात्र ठरलेले असते. सोलापूरच्या अलीकडच्या निकालांचे आकडे शेजारी शेजारी मांडले असता हे निदान अपुरे वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत येथे तिरंगी लढत झाली. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी यांना सुमारे ५ लाख २५ हजार, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे यांना सुमारे ३ लाख ६६ हजार आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली. पाच वर्षांनी प्रणिती शिंदे यांनी सुमारे ६ लाख २० हजार मते घेऊन राम सातपुते यांचा ७४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. ‘चारसौ पार’च्या घोषणेतून घटना बदलली जाईल या भीतीने भाजपचा मतदार दुरावला, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. प्रत्यक्षात सातपुते यांना सुमारे ५ लाख ४६ हजार मते पडली होती, म्हणजे पक्षाची मते २०१९ पेक्षा वीस हजारांहून अधिक वाढलीच होती. उलट बाजूला शिंदे आणि आंबेडकर यांची २०१९ मधील बेरीज ५ लाख ३६ हजारांच्या घरात जाते. वंचितच्या अधिकृत उमेदवाराने २०२४ मध्ये अर्ज मागे घेतला आणि ती विभागणी टळली. त्यावर आणखी ८० हजारांहून अधिक मते काँग्रेसच्या पारड्यात पडली, ती नव्या मतदारांची आणि एरवी घरी बसणाऱ्यांची असावीत, असे मला वाटते.

भाजपचा एकूण आकडा घटला नाही म्हणून माणसेही तीच राहिली असे नाही, हे मला मान्य आहे. काहीजण गेले असतील आणि तेवढेच दुसरीकडून आले असतील. तरीही घटनेच्या मुद्द्याने सोलापुरात जे मोठे काम केले ते एकमेकांपासून तुटलेल्यांना एका चिन्हाखाली आणण्याचे आणि उदासीन माणसाला भर उन्हात रांगेत उभे करण्याचे होते. आयुष्यभर कमळावर शिक्का मारणाऱ्याने हात बदलला, असे घाऊक प्रमाणात घडल्याचे आकड्यांत दिसत नाही.

त्याच वर्षी जानेवारीत घडलेली एक गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांना १५ हजार घरे सुपूर्द केली. तीस हजार घरांचा हा प्रकल्प विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या आणि बांधकामावर राबणाऱ्या माणसांसाठी आहे आणि त्यामागे माकपचे नरसय्या आडम मास्तर यांची अनेक वर्षांची खटपट आहे. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठा तीन दिवसांवर आली होती आणि २२ तारखेला घरोघर रामज्योती लावण्याचे आवाहन पंतप्रधानांनी याच कार्यक्रमातून केले. घरकुल आणि मंदिर, पोटाचा प्रश्न आणि देशाचा प्रश्न, एकाच मांडवात आले होते. यजमान होता लाल बावट्याचा नेता. एवढे असूनही चार महिन्यांनी लोकसभेची जागा काँग्रेसकडे गेली. (याच आडम मास्तरांनी जानेवारी २०१९ मध्ये प्रकल्पाच्या पायाभरणीच्या वेळी पंतप्रधानांची स्तुती केली, तेव्हा त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले होते. निष्ठेची परीक्षा मतदारापेक्षा कार्यकर्त्याची अधिक कडक होते, ती अशी.)

नोव्हेंबरमध्ये पारडे उलटे झाले. सोलापूर लोकसभेतील सहा विधानसभा मतदारसंघांपैकी मोहोळ वगळता शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर-मंगळवेढा हे पाचही भाजपने जिंकले. मतदार तेच होते आणि मे ते नोव्हेंबर हे अंतर जेमतेम साडेसहा महिन्यांचे होते. आता मुद्दा ‘बटेंगे तो कटेंगे’चा होता, आणि जूनअखेरीस जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये खात्यात पडू लागले होते. आमच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या शेजारच्या अक्का मांडीवरच्या सुपातली पाने कातरत मला म्हणाल्या, “तवा घटनेची काळजी होती, आता खात्यावर पैसे आलेत. दोन्ही खरंच आहे की!” आम्ही चष्मे लावून ज्याला विसंगती म्हणतो, त्यात अक्कांना विसंगत काहीच वाटत नव्हते. दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

शहर मध्यचा निकाल मात्र माझ्या वरच्या मांडणीला छेद देणारा आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. २०१९ मध्ये तेथे प्रणिती शिंदे सुमारे ५१ हजार मते घेऊन विजयी झाल्या, एमआयएमचे फारूख शाब्दी सुमारे ३९ हजारांवर थांबले आणि शिवसेनेचे दिलीप माने व अपक्ष महेश कोठे यांच्यात उरलेल्या मतांची मोठी वाटणी झाली. २०२४ मध्ये भाजपचे देवेंद्र कोठे १ लाख १० हजारांवर गेले, शाब्दी ६१ हजारांवर पोहोचले आणि काँग्रेसचा उमेदवार सुमारे १६ हजार मतांसह तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. भाजपच्या वाढीचा बराचसा भाग विखुरलेली मते एकत्र येण्याचा आहे आणि प्रणिती शिंदे स्वतः रिंगणात नव्हत्या, हेही खरे. पण काँग्रेसच्या ५१ हजारांचे १६ हजार होणे एवढ्याने उलगडत नाही. येथे निष्ठा खरोखर तुटली आणि ती दोन्ही दिशांना तुटली. मे महिन्यात ज्या मुद्द्याने मुस्लिम, दलित आणि तेलुगू भाषक कष्टकरी यांना एका रांगेत उभे केले, त्याची जागा दुसऱ्या मुद्द्याने घेताच रांगेतील माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली.

नेत्यांनीही त्यात भर घातली. शेजारच्या दक्षिण सोलापुरात ऐन मतदानाच्या दिवशी शिंदे पिता-कन्येने आघाडीतील ठाकरे गटाच्या शिवसेनेचे उमेदवार अमर पाटील यांना बाजूला सारून अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. असे झाल्यावर ‘मतदार प्रामाणिक राहिला नाही’ ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

शहर मध्यमध्येच हे का घडले, याचे उत्तर माझ्या मते मुद्द्यापेक्षा शहराच्या बदललेल्या रचनेत आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर उठत होते तेव्हा कामगाराचे राजकारण साच्यावर आणि युनियनच्या कचेरीत घडत असे. कानडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारे कामगार एकाच फाटकातून आत जात आणि बोनसच्या मागणीसाठी एकाच सभेला बसत. त्या जोरावर आडम मास्तर तीन वेळा आमदार झाले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रमाग लहान लहान शेडमध्ये विभागले गेले, विडीचे काम तर आधीपासूनच घराघरांत होते. माणसाला दुसऱ्या समाजाच्या माणसाशी बांधणारा रोजचा धागा असा विरत गेला. उरली ती जात, मठ, मोहल्ला आणि हातातला मोबाइल. देशव्यापी वाद या मोकळ्या जागेत शिरतो. धागा शाबूत असता तर तोच वाद फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तावातावाने झाला असता आणि मतपेटीपर्यंत पोहोचेपर्यंत बराच निवला असता.

वादाने निष्ठा कायमची बदलते, हेही गृहीत धरू नये. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा त्याच काँग्रेसला मिळाल्या. प्रश्न सुटला तसा मतदार परतला. आजच्या वादांचा फरक असा की ते सुटावेत अशी कोणाचीच घाई दिसत नाही. जातनिहाय गणनेचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला, तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला. आकडे हाती येण्यापूर्वीच त्या आकड्यांवर भाषणे मात्र सुरू झाली आहेत.

या सगळ्यात हरवतो तो उजनीचा प्रश्न. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या धरणातून जलवाहिनीने पाणी येते आणि तरी शहराच्या मोठ्या भागात ते चार-पाच दिवसांआड मिळते. पिंपे, हंडे आणि पाण्याची वेळ सांगणारा निरोप यांभोवती घरातील बाईचा दिवस फिरतो. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासकराज आले, त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जाब विचारायला नगरसेवकही उरला नव्हता. २०१७ मध्ये १०२ पैकी ४९ जागा देऊन शहराने पहिल्यांदा भाजपकडे सत्ता सोपवली, तिचे काय झाले यावर प्रचारात कोणी पाच मिनिटे बोलल्याचे मला आठवत नाही. विरोधकांनाही ते विचारण्यापेक्षा दिल्लीच्या वादावर बोलणे सोपे गेले.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. निकालानंतर निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्राची उमेदवारनिहाय मते उपलब्ध होतात. लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुकांचे शहरातील आकडे प्रभागवार गट करून, मतदानाच्या टक्केवारीसह शेजारी शेजारी छापावेत. एकेका केंद्राचे आकडे सुटे छापले तर अमुक गल्लीने दगा दिला असे म्हणून त्या गल्लीवर डूख धरला जातो, म्हणून गट करावेत असे सुचवतो. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीत एका गावाच्या आकड्यांवरून डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर फेरमतदान घेण्याच्या तयारीपर्यंत गोष्ट गेली आणि प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली, हे आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. किती लोक एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले आणि किती केवळ घरी बसले किंवा नव्याने बाहेर पडले, याचा अंदाज त्यातून वाचकाला स्वतः बांधता येईल. सोबत प्रत्येक उमेदवाराला उजनीच्या पाण्याबाबत एकच लेखी प्रश्न विचारून त्याचे उत्तर, आणि उत्तर न दिल्यास रिकामी चौकट, प्रसिद्ध करावी.

आपला,
एक नियमित वाचक,
पूर्व भाग, सोलापूर